मुलगा वर्गात ‘नादखुळा!’ म्हणाला, आता घरातली भाषा बदलायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात वाढलेल्या आणि लग्नानंतर ठाण्यात राहणाऱ्या एक वाचक लिहितात, “बोलताना माझ्या तोंडी ‘लई’, ‘इस्कोट’, ‘पचका’, ‘नादखुळा’ असे शब्द सहज येतात. नऊ वर्षांच्या मुलाने ते सगळे उचलले आहेत. वर्गात मित्राचं चित्र बघून तो ‘नादखुळा!’ म्हणाला. बाईंनी डायरीत लिहिलं, ‘घरी शुद्ध मराठी बोलावे.’ सासरे म्हणतात, मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपल्या घरात ही असली भाषा. ते स्वतः सावंतवाडीचे. भावाशी फोनवर मालवणीत बोलतात, आमच्याशी मात्र कधीच नाही. त्यातच ऑफिसात ग्राहकासमोर माझ्या तोंडून ‘डेटाचा राडा झालाय’ असं निघून गेलं आणि साहेबांनी नंतर समज दिली. हल्ली मी शब्द गिळत बोलते, त्यामुळे गप्पाच होत नाहीत. मुलगा ‘आयला’ही म्हणतो, ते मलाही खटकतं. हे सगळं बोलणं सोडून द्यावं का?”

उत्तर:

ताई, सोडून देऊ नका. पण तुमच्या पत्रात चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बाईंनी आणि सासऱ्यांनी त्या सगळ्यांना मिळून ‘अशुद्ध’ म्हटलं आणि तुम्हीही ते मान्य करून टाकलंत. आधी त्या सुट्या करू.

‘लई’ ही तुमची बोली आहे. कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत लाखो माणसं ‘खूप’च्या जागी हाच शब्द वापरतात. ‘पचका’, ‘नादखुळा’, ‘इस्कोट’ हे अनौपचारिक शब्द आहेत, आपल्या माणसांत बोलायचे. ‘आयला’ ही आईवरून दिलेल्या शिवीचा उरलेला तुकडा आहे. आणि ‘राडा’ हा शब्द ठीकच होता, जागा चुकली. चार गोष्टी, चार वेगळे उपाय. सरसकट सगळं बंद करण्याने यातली फक्त एक सुटते, ‘आयला’ची, आणि तीही कदाचितच.

डायरीतल्या शेऱ्याबद्दल एक नक्की सांगता येईल. मराठीत ‘शुद्ध-अशुद्ध’ ठरवणारे शुद्धलेखनाचे नियम हे लेखनाचे आहेत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये भर पडून झालेले १८, हे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार अशा लिहिण्याच्या गोष्टींबद्दल बोलतात. मित्राच्या चित्राला दाद कशी द्यावी, हे त्यात कुठे नाही. तुमच्या मुलाने कुठलाही नियम मोडलेला नाही. नाद लागून खुळा झालेला तो नादखुळा. तिथून हा शब्द मनापासूनच्या कौतुकाचा उद्गार झाला. त्याच्या मित्राला ‘छान आहे’पेक्षा याने नक्की जास्त आनंद झाला असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. असे शब्द बोलणाऱ्याचा शब्दसाठा तोकडा असतो, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात याच शब्दांत फार बारीक फरक साठवलेले असतात. तुमचा ‘पचका’च बघा. चारचौघांत काहीतरी होईल अशी हवा केली आणि ते झालंच नाही, की पचका. तुम्हाला कुणी मुद्दाम फसवून तोंडघशी पाडलं, की पोपट. दोन्हीकडून अडकलात, हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना, की गोची. काहीतरी बिनसलंय पण कारण अजून कळलेलं नाही, की लोचा. नीट लावलेलं कुणीतरी उधळून टाकलं, की इस्कोट. ‘विस्कटणे’शी त्याचं नातं ऐकू येतंच. औपचारिक मराठीत या सगळ्यांना ‘अडचण’ किंवा ‘फजिती’ म्हणावं लागतं आणि नेमकं काय झालं ते वेगळं समजावून सांगावं लागतं.

मुलांशी बोलताना तर हे फरक थेट कामाला येतात. वेंधळा, धांदरट, गबाळा, गलथान, अजागळ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. वेंधळ्याचं लक्ष दुसरीकडे असतं. डबा शाळेत विसरतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. धांदरटाचं लक्ष कामावरच असतं, पण घाई फार. पाणी ओतताना सांडतो, गणित वाचायच्या आधी सोडवायला घेतो. गबाळेपणा कपड्यांत आणि दप्तरात दिसतो. गलथानपणा कारभारात, म्हणजे जबाबदारी असूनही पाठपुरावा न करण्यात. म्हणून उपायही वेगळे: वेंधळ्याला प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा लागते, धांदरटाला दहा मिनिटं जास्तीची लागतात. ‘तू फार निष्काळजी आहेस’ असं सांगितलं तर मुलाला काय बदलायचं ते कळत नाही. ‘आज धांदरटपणा झाला बघ’ म्हटलं तर कळतं.

इथे एक काळजी घ्या. शब्द कृतीला चिकटवा, मुलाला नको. ‘धांदरटपणा झाला’ आणि ‘तू धांदरटच’ यांत बरंच अंतर आहे. आज्जीचं ‘अरे गधड्या’ किंवा मालवणी आजोबांचं ‘मेल्या’ हे प्रेमाचं असतं, कारण त्यामागे वर्षांचा सहवास आणि आवाजाचा सूर असतो. तेच पाहुण्यांसमोर, चिडून किंवा रोज तेच तेच आलं की ते नाव होऊन बसतं. मूल हसायचं थांबलं, की तो शब्द त्याच्यासाठी बंद.

हे शब्द बनतात कसे, तेही मुलाला दाखवा. त्याला मजा येईल आणि बाईंनाही उत्तर मिळेल. मराठी व्याकरणात ‘अभ्यस्त शब्द’ असा एक प्रकारच आहे. त्याचे तीन पोटप्रकार शिकवतात. शब्द जसाच्या तसा दोनदा येतो तो पूर्णाभ्यस्त: हळूहळू. अर्धा बदलून येतो तो अंशाभ्यस्त: उरलासुरला, आरडाओरडा. आवाजावरून होतो तो अनुकरणवाचक: किरकिर, कडकडाट. म्हणजे ‘चहाबिहा’, ‘सटरफटर’, ‘अघळपघळ’ या मंडळींना व्याकरणाने घरात घेऊन कधीच पाट मांडून दिला आहे. ‘बि’ची युक्ती मुलाला करून बघू दे: चहाबिहा, वहीबिही, शाळाबिळा. मग विचारा, ‘बिस्किट’चं काय करशील? तिथे ‘बि’ आधीच आहे, म्हणून लोक ‘बिस्किटफिस्किट’ करतात. नऊ वर्षांचं मूल हा नियम स्वतः शोधून काढतं, फक्त उत्तर सांगायची घाई करू नका.

दुसरा खेळ ‘ईत’चा. गुळगुळीत, बुळबुळीत, गिळगिळीत, मिळमिळीत, पुळपुळीत एका बाजूला लिहा. झणझणीत, खणखणीत, ठणठणीत, दणदणीत दुसऱ्या बाजूला. मोठ्याने म्हणा. ‘ळ’वाले सगळे मऊ, निसरडे किंवा बेचव, ‘ण’वाले ठसठशीत आणि वाजणारे. तिसरा ‘ट’चा: मळकट, धुरकट, पोरकट, पांढरट, बावळट. शेवटी ‘ट’ लागला की ‘थोडंसं तसं, पण न आवडणारं’ असा रंग चढतो. ‘पांढरा शर्ट’ आणि ‘पांढरट शर्ट’ यांतला फरक मुलाला विचारून बघा. हे कळलेलं मूल निबंधातही ‘खूप छान’वर अडून राहत नाही.

सासऱ्यांच्या अभिजात दर्जाच्या मुद्द्याकडे आता वळू, कारण तो मनापासूनचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला तो दर्जा मिळाला. त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण हा अभिमान ज्या परंपरेचा आहे, ती लोकांच्या बोलण्यातूनच उभी राहिली. हालाच्या गाथासप्तशतीची माहाराष्ट्री ही प्राकृत. तिच्यात शेतं, नदीकाठ आणि खेड्यातली माणसं आहेत. चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणारं महानुभाव पंथाचं लीळाचरित्र बोलत्या मराठीत आहे. त्याच पंथाच्या नागदेवाचार्यांनी शिष्याला संस्कृतात लिहू नको म्हणून सांगितलं ते एवढ्यासाठी, की त्यामुळे आपल्यातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. पुढे कोशकारांनीही हे शब्द दाराबाहेर ठेवले नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. तिच्यात आवाजावरून झालेल्या शब्दांची रेलचेल आहे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, त्यांत प्रांतोप्रांतीच्या बोलींचे शब्द गोळा केलेले आहेत. हे दोन्ही कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. संध्याकाळी सासऱ्यांना शेजारी बसवून एकेक शब्द शोधा. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

त्यांच्या पिढीचे फर्मास, फक्कड, झकास हे शब्दही असेच बैठकीतले, मोकळ्या गप्पांतले. ‘अफलातून’ तर ग्रीक तत्त्ववेत्त्या प्लेटोचं अरबी-फारसीतून आलेलं नाव. आज तो वर्तमानपत्रात छापून येतो आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आणि ते भावाशी मालवणीत बोलतात, घरात नाही, याचा अर्थ त्यांना ती आवडत नाही असा घेऊ नका. शहरात आलेल्या अनेकांनी नोकरी आणि मान टिकवण्यासाठी स्वतःची बोली घराबाहेर ठेवली. तुम्ही सध्या तेच करायला निघाला आहात. नातवाला त्यांच्याकडून ‘गजाली’, म्हणजे मालवणी गप्पागोष्टी, ऐकायला सांगा. ‘मालवणीत मला काय म्हणाल?’ असं त्याने विचारलं तर आजोबा फार काळ गप्प राहणार नाहीत.

ऑफिसचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे साहेबांचं चुकलं असं मला वाटत नाही. ‘राडा’ ऐकून बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर मारामारी येते. शिवाय असा शब्द भावना पोचवतो, माहिती नाही. ग्राहकाला तीन गोष्टी हव्या असतात: काय बिघडलं, किती बिघडलं, कधी नीट होईल. ‘कालच्या फाइलमध्ये तारखांचे दोन रकाने उलटे भरले गेलेत, तीनशे नोंदी तपासायच्या आहेत, उद्या दुपारी चारपर्यंत दुरुस्त करून देतो’ हे वाक्य तिथे हवं होतं. आपल्या चमूत मात्र ‘राडा झालाय’ म्हणून सुरुवात करायला हरकत नाही. सगळे कान टवकारतात. पण लगेच पुढचं वाक्य वरच्यासारखं नेमकं असू द्या. ई-मेलमध्ये, अहवालात, तक्रारीच्या उत्तरात हे शब्द नकोत, कारण लिहिलेल्या शब्दाबरोबर तुमचं हसू जात नाही. समोरच्याला मराठी नीट येत नसेल तर तो प्रत्येक वेळी अर्थ विचारून थकतो. आणि कुणाचं आजारपण, नोकरी, पैसा, घरातलं भांडण हा विषय असेल तर थांबा. ‘माझी पार वाट लागलीय’ असं तो माणूस स्वतः म्हणाला तर म्हणू दे. आपण त्याला ‘वाट लागली की तुझी’ म्हणायचं नाही.

काही शब्द मात्र खरोखर टाकायचे आहेत, आणि ते फक्त तुमच्या कोल्हापुरी यादीत सापडणार नाहीत. ‘शुद्ध’ बोलणाऱ्या घरांतही ‘नसत्या चांभारचौकशा’ असं सर्रास म्हणतात. एका जातीचं नाव तुच्छतेसाठी वापरलेलं आहे, आणि कुणालाच ते टोचत नाही. ‘भोचकपणा’, ‘चोंबडेपणा’ हे दोन फर्मास शब्द हाताशी असताना त्याची गरजच नाही. मुलांमध्ये सध्या ‘छपरी’ चालतो. गरीब वस्तीतल्या मुलांचे कपडे आणि केस यांना हिणवायला तो वापरतात. तोही नको. कुणाच्या अपंगत्वावरून, रंगावरून, गावावरून बनलेला शब्द ओठांवर आला की तिथेच अडवा. कसोटी सोपी आहे: ज्याच्यावरून शब्द बनला, तो माणूस खोलीत बसलेला असताना तुम्ही तो म्हणाल का?

‘आयला’साठी मुलाला रागावू नका. बहुतेक मुलांना त्याचा उगम माहीत नसतो. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला आश्चर्याचा आवाज म्हणून ते तो वापरतात. एकदा शांतपणे सांगा, ‘ही कुणाच्या तरी आईला दिलेली शिवी होती, मग झिजून एवढीच उरली.’ बस. लगेच बदली शब्द द्या, कारण रिकाम्या जागी जुना शब्द परत येतो. अरेच्चा, बापरे, अबब, घ्या, बोंबला, यांतला एक त्याला निवडू दे. ‘बोंबला’ बहुतेक मुलांना आवडतो, कारण त्यात जोर आहे. तोंडून पुन्हा ‘आयला’ गेलं तर भाषण न देता नुसतं ‘बोंबला!’ म्हणा. घरातल्या मोठ्यांनीही तेच पाळायचं, नाहीतर काही उपयोग नाही.

बाईंना काय सांगायचं? भांडू नका आणि माफीही मागू नका. डायरीत दोन ओळी पुरेत: ‘वर्गात उत्तर देताना आणि लिहिताना प्रमाण मराठी वापरायला आम्ही त्याला सांगितलं आहे. घरी आम्ही कोल्हापुरी आणि मालवणी बोलींतले शब्दही बोलतो, ते तो जपून वापरेल.’ मुलालाही नेमकी वाटणी द्या. बाईंना उत्तर देताना, मंचावर, वहीत आणि परीक्षेत प्रमाण मराठी. मधल्या सुट्टीत, खेळताना, घरी त्याची स्वतःची. मुलांना हा बदल अवघड जात नाही. बूट कुठे घालायचे आणि चप्पल कुठे, हे त्यांना जसं कळतं तसंच हे कळतं. त्यांना अवघड जाते ती लाज.

एक सवय मात्र तुमच्यासह सगळ्यांनाच लावून घेण्यासारखी आहे. हे शब्द अतिवापराने बोथट होतात. आज सगळ्यात जास्त झिजलाय तो ‘भारी’. पिक्चर भारी, वडापाव भारी, बूट भारी, गणिताच्या बाई भारी. आठवडाभर घरात ‘भारी’वर बंदी घाला आणि त्या त्या वेळी नेमका शब्द शोधा. चहा फक्कड. रस्सा झणझणीत. भजी फर्मास. वारा किंवा घाटातला प्रवास भन्नाट. कल्पना अफलातून. माणूस वल्ली. कपडे झोकदार. गाडी सुसाट. मित्राचं चित्र? ते नादखुळाच राहू दे. एका वाक्यात असा एकच शब्द घ्या. ‘लई भन्नाट झकास नादखुळा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एकही ऐकू येत नाही. आणि शब्द टाकल्यावर त्याचा अर्थ समजावत बसू नका. समोरच्याने विचारला तरच सांगा.

घरात एक वही ठेवा. शब्द, तो कुणाकडून आला, ते माणूस जे वाक्य बोललं ते जसंच्या तसं, आणि कुणासमोर म्हणायचा नाही. चौथा रकाना मुलाला भरू द्या. वाक्य लिहायला विसरू नका, कारण नुसत्या शब्दावरून त्याचा जोर कळत नाही. कागलच्या आईला फोन करून दर वेळी दोन-तीनच शब्द मागा. ‘जुने शब्द सांग’ असं विचारलं की कुणालाच काही आठवत नाही. ‘दूध उतू गेलं की तू काय म्हणायचीस?’, ‘जास्त बोलणाऱ्या बाईला काय म्हणायचे?’ असं विचारा, मग आठवतात.

बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीत मुलं वाढवणाऱ्या वाचकांनीही हीच वही करावी. तिथल्या मुलांची मराठी बहुतेकदा ‘जेव, आवर, झोप’ एवढ्या आज्ञांवर थांबते आणि म्हणून त्यांना ती कंटाळवाणी वाटते. वाजणाऱ्या शब्दांपासून सुरुवात करा: धपकन, टुणकन, चटकन, गपकन, भस्सकन. लिपी येत नसली तरी ते लगेच जमतात. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांनी एक प्रसंग सांगताना यातले चार-पाच वापरायचे आणि पडणं, उडी मारणं, गिळणं मुलाने करून दाखवायचं. पंधरा मिनिटं पुरतात. मुलाचा उच्चार चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. पुढच्या वाक्यात तोच शब्द बरोबर म्हणा, तो आपोआप सुधारेल.